क्वारंटाईन टँक : खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी, कोकणात कसा जमवायचा?

भाट्ये_किनारा | १८ मे, रात्री ११:२०

मंडळी, राग आणि रड दोन्ही एकदम येतंय, त्यामुळे जरा लांबेल.

रत्नागिरीत घरी माझा २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. चौथं वर्ष. मासे म्हणजे दोन क्लाऊन, एक रॉयल ग्रामा, एक फायरफिश, दोन क्रोमिस, आणि थोडे सॉफ्ट कोरल. सगळं सुरळीत होतं. गेल्या महिन्यात हौस आली आणि मुंबईहून पावडर ब्लू टँग मागवला. रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यातून आला. असा देखणा की शेजारपाजारचे येऊन बघून गेले. पिशवी तरंगवली, दोन तास थेंबथेंब पाणी घातलं आणि दिला सोडून.

सहाव्या दिवशी त्याच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे. मग दोन दिवस दाणे गायब, मी खूश. दहाव्या-अकराव्या दिवशी सगळ्यांच्याच अंगावर. आज टँग नाही, ग्रामा नाही, फायरफिश नाही. एक क्रोमिस सकाळी गेला. उरले एक क्लाऊन आणि एक क्रोमिस.

नव्या माशाला आधी काही दिवस ठेवायला क्वारंटाईन टँक वेगळा असावा हे वाचलेलं होतं, पण एवढ्याशा घरात दुसरा टँक म्हणजे आई मलाच बाहेर ठेवील. आता ठरवलंय. किती मोठा लागतो, काय काय लागतं, आणि भाट्याच्या किनाऱ्यावरचं पाणी आणून चालेल का? मीठ महाग पडतं हो.

मालवणी_झील | १८ मे, रात्री ११:४१

आमच्याकडे बांगड्याक क्वारंटाईन करतत मीठ-मसाल्यात, अर्धो तास. मगे थेट तव्यार. आजून एकाकय रोग झाल्याचा आयकाक नाय.

गवतीचहा | १८ मे, रात्री ११:५०

झीला, माणूस रडतोय आणि तू तवा तापवतोयस.

बाकी भाट्ये, २०२० साल विसरलात का? मुंबईहून आला की आधी गावच्या शाळेत १४ दिवस. आपल्या सख्ख्या काकाला आपण शाळेच्या व्हरांड्यात डबा पोचवला आणि टँगला थेट माजघरात घेतलंत.

भाट्ये_किनारा | १८ मे, रात्री ११:५८

हे वाचून आज पहिल्यांदा हसलो. खरं आहे.

जलजा | १९ मे, सकाळी ७:१५

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, आता नोकरी वेगळीच करते, पण घरी टँक आहे. नीट लिहिते.

वर्णनावरून हा सागरी इक, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी. दाणे मधे दोन दिवस गायब झाले ना, तिथेच सगळे फसतात. तो बरा होत नव्हता. परजीवी माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत साधारण ३ ते ७ दिवस राहतो, जाडा होतो आणि स्वतःच गळून पडतो. मग वाळूवर, दगडावर, काचेवर गाठ करून बसतो आणि त्या एका गाठीतून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. त्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. बंद टँकमध्ये मासा सापडतोच.

म्हणून आजचं काम क्वारंटाईन टँक नव्हे, इस्पितळ टँक. वस्तू त्याच, घाई जास्त. उरलेले दोन्ही मासे बाहेर काढा. मोठ्या टँकमध्ये एकही मासा ७६ दिवस ठेवायचा नाही. कोरल, गोगलगायी, खेकडे राहू देत, त्यांच्यावर हा जगत नाही. गाठी फार उशिरा फुटल्याची नोंद ७२ दिवसांची आहे, त्यावर चार दिवस पदरचे, म्हणून ७६.

इस्पितळ टँक: दोन छोट्या माशांना ६० लिटर पुष्कळ. काच हवीच असं नाही, झाकणाचा जाड प्लास्टिक क्रेटही चालतो. तळ मोकळा. वाळू नको, दगड नको, शिंपले नकोत, कारण चुन्याच्या वस्तू तांबं (इकवरचं औषध तेच) शोषून घेतात आणि मात्रा कधीच स्थिर राहत नाही. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाईपचे तुकडे आणि एल्बो. एअर पंप, स्पंज फिल्टर, थर्मामीटर, अमोनियाचं टेस्ट किट, तांब्याचं टेस्ट किट. ॲक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा, तो औषध खातो. झाकण विसरू नका, खारे मासे उड्या मारतात. मोठ्या टँकपासून निदान दहा फूट लांब ठेवा, बुडबुड्यांचे तुषार उडूनही लागण जाते. जाळी, नळी, मग सगळं वेगळं.

किनाऱ्याच्या पाण्याबद्दल सांगणारे इथे माझ्यापेक्षा जाणते आहेत.

शांतारस | १९ मे, सकाळी ९:३०

माझं मत वेगळं आहे आणि मला शिव्या पडणार हे ठाऊक आहे. सात वर्षं टँक आहे, क्वारंटाईन कधी केलं नाही. चांगलं खाणं, लसणाचा रस, पाण्याला यूव्ही दिवा, स्वच्छ पाणी. मासा धडधाकट असला तर स्वतः लढतो. उलट छोट्या डब्यात कोंडून, औषधं पाजून लोक जास्त मासे मारतात. आजवर इकपेक्षा क्वारंटाईनने मेलेले मासे मी जास्त पाहिलेत.

पुणेकर_रीफ | १९ मे, सकाळी १०:०५

सात वर्षांत पावडर ब्लू किती ठेवलेत ते लिहा. नसाल ठेवला तर विषय संपला.

शांतारस | १९ मे, सकाळी १०:११

एकही नाही. परवडत नाही. तरी विषय संपत नाही, पुण्यात संपत असेल.

जलजा | १९ मे, दुपारी १:४०

शांतारस यांचं शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, ते खरं आहे. क्वारंटाईनमध्ये मासे मरतात आणि बहुतेक वेळा मारणारा असतो अमोनिया. नवा डबा, नवा स्पंज, त्यावर बॅक्टेरिया नाहीत. मासा तिसऱ्या दिवशी धापा टाकतो, मालकाला वाटतं रोग वाढला, तो औषध वाढवतो. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, वर आपला मे महिना. पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका अमोनिया विषारी, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी. पुण्यात चालतं ते इथे चालेलच असं नाही.

लसणाने मासा खायला लागतो एवढं मान्य, इक जात नाही. कातडीखाली बसलेल्याला यूव्हीसुद्धा काही करत नाही. अंगात थोडी प्रतिकारशक्ती आलेले मासे इक बाळगूनही वर्षानुवर्षं जगतात, तुमचे तसे असतील. नवा मासा टाकाल त्या दिवशी कळेल.

हर्णै_बंदर | १९ मे, संध्याकाळी ६:५०

पाण्याचं मी सांगतो. आमचा होड्यांचा धंदा, टँक भावाचा.

भाट्याला खाडीचं तोंड आहे. ओहोटीला घेतलंत तर खाडीचं गोडसर, गढूळ पाणी घ्याल. घ्यायचं तर भरती भरत आल्यावर. त्यातही उधाणाला नको, उधाणाचं पाणी तळ ढवळतं. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस बघा, अष्टमीच्या आसपास. वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. सकाळी सहाला किनाऱ्यावर माणूसही नसतो, कॅन घेऊन जा. शक्य झालं तर होडीवाल्याला सांगून आतलं पाणी मागवा, खाडीपासून लांबचं.

जेट्टीजवळचं घेऊ नका, डिझेल असतं. आणि रात्री लाटा निळ्या चमकत असतील त्या आठवड्यात तर मुळीच नको.

गवतीचहा | १९ मे, संध्याकाळी ७:०२

निळ्या लाटा का नको? आम्ही तर फोटो काढायला गणपतीपुळ्याला धावतो.

जलजा | १९ मे, रात्री ८:३०

ती नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाची गर्दी असते, त्याच्या पेशीत अमोनिया साठलेला असतो. फोटो काढा, पाणी नको.

हर्णै यांची पाऊणपट आम्हाला कॉलेजात सांगितलीच नाही, वडिलांनी सांगितली होती. आणलेलं पाणी जाड कापडातून गाळा, झाकून अंधारात ठेवा, गाळ बसू द्या. तरी एक सांगते, इस्पितळ टँकला शक्यतो मिठाचंच पाणी वापरा. समुद्राच्या पाण्यातून काहीही येऊ शकतं आणि तुम्ही तर रोग मोजायला बसलाय. ६० लिटरला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या आत-बाहेर मीठ. परवडेल.

आणि पुढच्या महिन्यात पाऊस लागला की हा प्रश्न आपोआप मिटतो, किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी. तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) लावून बघा एकदा.

बागायतदार | २० मे, सकाळी ६:१०

तांबं म्हणजे मोरचूदच ना? आमच्याकडे सुपारीवर कोळे रोगाला बोर्डो मारायला पोतंभर पडलंय. चिमूटभर टाकावं, एवढ्यासाठी परदेशी बाटल्या कशाला? रत्नागिरीत खतांच्या दुकानात कुठेही मिळेल.

जलजा | २० मे, सकाळी ८:४५

काका, प्रश्न अगदी बरोबर आहे. पूर्वी मोरचूदच वापरत. पण चिमटीचा हिशोब करू. नुसत्या मोरचुदाची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं. ६० लिटरला ०.२० धरलं तर १२ मिलिग्रॅम. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे ६० लिटरच्या टँकला अख्खं मोरचूद ४८ मिलिग्रॅम. तुमची एक चिमूट याच्या कितीतरी पट. शिवाय ते खाऱ्या पाण्यात टिकत नाही, साक्याने खाली बसतं, दिवसातून दोनदा मोजून भर घालावी लागते. बागेतल्या मालात आणखी काय काय असेल ते वेगळंच.

बाटलीतल्या तांब्यातही दोन जाती आहेत आणि इथे लोक मासे मारतात. क्युप्रामीनची मात्रा ०.५ पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम), कॉपर पॉवरसारख्या चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूशी बांधलेल्या तांब्याची २.२५ ते २.५. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर एकतर मासा मरतो नाहीतर परजीवी हसतो. टेस्ट किटही त्या जातीचंच हवं. मात्रा एकदम नाही, दोन-तीन दिवसांत चढवत न्यायची, मग ३० दिवस खाली येऊ द्यायची नाही. आली की मोजणी पुन्हा एकपासून. आणि तांबं चालू असताना अमोनिया मारणारं लिक्विड घालू नका, दोघांचं जमत नाही.

बागायतदार | २० मे, सकाळी ९:००

बरं. पोतं सुपारीलाच ठेवतो.

चिवला | २० मे, दुपारी १२:३०

विषय निघालाच आहे तर, मालवणला खडकात ओहोटीला मस्त पोवळं दिसतं. एखादा तुकडा आणून टँकमध्ये लावला तर जगतो का? फुकटचा माल आणि क्वारंटाईनची भानगड नाही.

मालवणी_झील | २० मे, दुपारी १२:४४

चिवल्या, थंयसर हात लावू नको. वनखात्यावाले तुकाच क्वारंटाईन करतले.

पुणेकर_रीफ | २० मे, दुपारी १२:५८

झील पहिल्यांदा कामाचं बोलला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि पोवळी, समुद्रघोडे हे वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत. अभयारण्याच्या बाहेरही तोडता येत नाहीत. नुसता दंड नव्हे, तुरुंग.

चिवला | २० मे, दुपारी १:१५

बरं बाबांनो, नुसतं विचारलं.

भाट्ये_किनारा | २१ मे, रात्री १०:३०

अपडेट. आज सुट्टी टाकली. क्रोमिस पहाटेच गेला होता. क्लाऊन पकडायला दीड तास लागला, निम्मे दगड बाहेर काढावे लागले. क्रेट ६० लिटरचा, स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत, मोठ्या टँकपासून भिंतीपलीकडे. मोठा टँक आजपासून रिकामा. कॅलेंडरवर ५ ऑगस्टला गोल केलाय. आईने विचारलं कोणाचं लग्न आहे.

दोन अडचणी. पडवीत पाणी ३१ अंशाला जातंय, टेबलफॅन लावूनही एका अंशाच्या वर उतरत नाही. दुसरं, स्पंजवर बॅक्टेरिया नाहीत. मोठ्या टँकच्या संपमधला (खालच्या फिल्टरच्या टाकीतला) स्पंज आणला तर रोगही येईल ना?

पुणेकर_रीफ | २१ मे, रात्री १०:४५

माझा तर फॅनने चार अंश उतरतो. फॅन कुठला आहे?

जलजा | २१ मे, रात्री ११:१०

पुणेकर, फॅन तोच, हवा वेगळी. फॅन पाणी उडवून गारवा आणतो. इथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही तर उतरणार काय. भाट्ये, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, बंद झाकणाच्या, दुपारी आलटून पालटून ठेवा. क्रेट जमिनीवर, भिंतीला लागून. २७-२८ पर्यंत आला तरी चालेल. पाणी आटलं तर भर गोड्या पाण्याची, मीठ मागे राहतं. विहिरीचं नको, जांभ्यातलं लोखंड येतं. आरओचं घाला.

स्पंजचा प्रश्न चांगला विचारलात. तांब्याची मात्रा पूर्ण चढणार असेल तर संपमधला स्पंज चालेल. गाठीतून पिल्लं बाहेर पडतील आणि तांब्यातच मरतील. तांबं न घालता नुसती देखरेख करणार असाल तर आणू नका, बाटलीतले बॅक्टेरिया घ्या. दोन्ही बाबतीत पहिले दहा दिवस रोज अमोनिया मोजा आणि पाणी बदला. बदललेल्या पाण्यातही तेवढंच तांबं घालून मगच ओता, हे हमखास विसरलं जातं.

हर्णै_बंदर | २२ मे, सकाळी ७:४०

विजेचं काय करणार? पाऊस आला की खेळ सुरू.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत वीस दिवस वीज नव्हती. भावाचा टँक होता. पहिली रात्र तो आणि वहिनी आळीपाळीने तपेलीने पाणी उचलून वरून ओतत होते, तेवढाच प्राणवायू. कौलं उडालेली, वरून पाऊस, आणि हे दोघं माशांना पाणी ओततायत. तिसऱ्या दिवसापासून होडीवरची बॅटरी आणि जिवंत आमिष ठेवायचा छोटा पंप, त्यावर काढले दिवस. सात माशांतले चार जगले. तेव्हापासून तो म्हणतो हीटर नसला तरी चालेल, बॅटरीचा पंप आधी.

गवतीचहा | २२ मे, सकाळी ८:०५

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे नवरा वादळात आधी गाडी झाकतो.

भाट्ये_किनारा | ३ जून, रात्री ९:१५

बारावा दिवस. तांबं २.५ वर स्थिर, क्लाऊन खातोय, अंग स्वच्छ. अमोनिया एकदाच चढला, चवथ्या दिवशी, अर्धं पाणी बदललं.

एक गुन्हा कबूल करतो. बदललेलं पाणी पहिले चार दिवस मागच्या दारी ओतत होतो. आईची अबोली बसली. आख्खी ओळ. अजून तिला सांगितलेलं नाही, ती पावसाला दोष देतेय.

मालवणी_झील | ३ जून, रात्री ९:२२

मीठ आणि तांबा! अबोलीक बोर्डो केलंस रे.

बागायतदार | ३ जून, रात्री ९:४०

बोर्डो असतं तर जगली असती, त्यात चुना असतो. मीठ मारतं. दोन पावसाळे तिथे काही लावू नका. आणि विहिरीच्या बाजूला तर एक थेंब नको.

जलजा | ३ जून, रात्री १०:००

पऱ्ह्यात आणि खाडीतही नको, खेकड्या-कोळंब्यांना तांब्याचा थेंब पुरतो. ड्रेनेजच्या मोरीत, भरपूर पाण्याबरोबर. आईंना सांगून टाका.

तिवरांची_मुक्ता | ६ जून, दुपारी ४:२०

पहिल्यापासून वाचतेय. तांब्याची भीती वाटते, माझ्याकडे मँडरिन मासा येणार आहे आणि त्यांना ते सोसत नाही म्हणतात. टँक ट्रान्स्फर कोणी केलंय का? दर तीन दिवसांनी नव्या टबात हलवायचं, औषधच नाही?

जलजा | ६ जून, संध्याकाळी ७:३०

होय, आणि ती रीत मला आवडते. परजीवी गळून पडून गाठ करतो, गाठ फुटायला तीन दिवस तरी लागतात. तुम्ही ७२ तासांच्या आत मासा नव्या पाण्यात, नव्या टबात नेता, गाठी मागच्या टबात राहतात. असे चार वेळा, बाराएक दिवसांत मासा स्वच्छ. तीन दिवसांचाच मुक्काम म्हणून जुना फिल्टर लागत नाही. दोन टब आलटून पालटून पुरतात, मात्र मधल्या काळात रिकामा टब, पंप, एअरस्टोन, पाईप सगळं धुऊन पूर्ण कोरडं झालं पाहिजे. हे फक्त इकला. वेल्व्हेट नावाच्या दुसऱ्या परजीवीला भरवशाचं नाही आणि वेल्व्हेट दोन-तीन दिवसांत टँक साफ करतो. मँडरिनचा खरा प्रश्न खाण्याचा आहे, मोकळ्या टबात तो उपाशी मरतो. जिवंत कोपेपॉड्स (त्याचं खाणं, पाण्यातले बारीक जीव) हाताशी नसतील तर आत्ता मागवू नका.

तिवरांची_मुक्ता | ६ जून, संध्याकाळी ७:४८

«पूर्ण कोरडं». जलजाताई, हे जूनमध्ये लिहिताय. आमच्याकडे गणपतीपर्यंत टॉवेल वाळत नाही.

गवतीचहा | ६ जून, संध्याकाळी ७:५५

चुलीवर दोरी बांधून त्यावर पंप वाळत घाला, सुकटीशेजारी.

जलजा | ६ जून, रात्री ८:२०

हसले. बरोबर पकडलंत, पुस्तकातली रीत तशीच लिहून मोकळी झाले. पावसाळ्यात करायचं तर ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर घ्या. तिच्या पाण्यात सगळं बुडवून ठेवा, नीट धुवा, मग हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्यातून काढा म्हणजे क्लोरीन उरत नाही. नाहीतर सरळ दोनऐवजी पाच संच करा आणि वापरलेला पुन्हा हातात घेऊ नका. किंवा दिवाळीनंतर मासा आणा.

शांतारस | १९ जून, रात्री ९:००

एक विचारायचं होतं. ओळखीच्याने गाव सोडताना त्याचा कोरल ब्युटी मासा मला दिला, मी नेहमीसारखा टाकला. आज माझ्या जुन्या क्लाऊनच्या अंगावर चिकट पांढरा थर आलाय, दाणे नाहीत. धापा टाकतोय, खात नाही. इक नसेल ना?

पुणेकर_रीफ | १९ जून, रात्री ९:०४

(काही बोलत नाही.)

जलजा | १९ जून, रात्री ९:०९

क्लाऊन, चिकट थर, धापा. ब्रुकलिनेला नावाचा परजीवी वाटतोय, क्लाऊनना हाच धरतो. यावर तांबं चालत नाही, फॉर्मेलिन लागतं आणि थांबायला वेळ नाही. आत्ता लगेच पाच मिनिटं गोड्या पाण्याची आंघोळ: आरओचं पाणी, तापमान टँकइतकंच, पीएच खाण्याच्या सोड्याने वर आणलेला, एअरस्टोन चालू. तेवढ्याने रात्र निघेल. मासा आडवा पडून हलेनासा झाला तर लगेच बाहेर. फॉर्मेलिनचं मात्रेसकट खाजगीत लिहिते, ते उघड्यावर अंदाजाने सांगायचं औषध नाही. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

शांतारस | २२ जून, सकाळी ८:३०

एक क्लाऊन वाचला, एक गेला. कोरल ब्युटी ठणठणीत. क्रेट विकत आणलाय. लसणाबद्दल कोणी काही बोलू नका.

मालवणी_झील | २२ जून, सकाळी ८:३३

नाय बोलनत. लसूण आमका तिखल्याक होयी.

तिवरांची_मुक्ता | ११ जुलै, दुपारी ३:१०

अवांतर: कालच लेकाला घेऊन झाडगावच्या मत्स्यालयात गेले होते. तो देवमाशाच्या सांगाड्यासमोरून हलेना. म्हणाला याला क्वारंटाईन करायला केवढा क्रेट लागला असेल.

आणि मँडरिन रद्द. टँकमध्येच वाढवलेले क्लाऊन घेणार, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्यांची पैदास केव्हाच बसवली आहे. त्यांना तरी क्वारंटाईन नको ना?

जलजा | ११ जुलै, रात्री ९:००

लेकाला शिरगावला पाठवा. टँकमध्ये वाढलेला मासा हॅचरीतून थेट आला तर धोका पुष्कळ कमी. पण मधे दुकानात चार दिवस राहिला असेल तर तिथे सगळ्या टँकांतून एकच पाणी फिरतं. जन्मदाखला बघू नका, प्रवास बघा. निदान चार आठवडे देखरेख.

भाट्ये_किनारा | ५ ऑगस्ट, रात्री ९:४५

७६ दिवस झाले.

पावसाळी मासेमारी बंदी उठून होड्या १ तारखेला बाहेर पडल्या, माझा क्लाऊन आज. तांबं जूनच्या शेवटीच संपवून कार्बनने काढलं होतं, नंतर नुसता बसून होता. जुलैत दोनदा रात्रभर वीज गेली, बॅटरीचा पंप चालला. हर्णै, भावाला सांगा.

मोठ्या टँकमध्ये सोडल्यावर चार तास एका कोपऱ्यात. जुनं ॲनिमोन (क्लाऊन ज्यात राहतात ते समुद्रफूल) तसंच आहे, त्याच्याकडे बघेना. शेवटी प्लंबरकडून नवा कोरा एल्बो आणून ठेवला. आता एवढ्या महागाच्या दगडांत पांढऱ्या पाईपात झोपलाय. आई म्हणाली, याला पडवीच बरी होती.

अबोलीचं तिला कधीच कळलं होतं.

गवतीचहा | ५ ऑगस्ट, रात्री ९:५२

आयांना सगळं कळतं. नारळी पौर्णिमेला एक नारळ त्या क्रेटलाही वाहा.

नवाभिडू | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

नमस्कार, नवीन आहे. आज येलो टँग आला, सुंदर आहे. टँकमध्ये सोडायच्या आधी पिशवी किती वेळ तरंगवायची? थेंबथेंब पाणी किती तास घालायचं?

मालवणी_झील | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३४

अरे बाबा, धागो पयल्यापासून वाच. आदी वाच, मगे मासो सोड.

नवाभिडू | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

वाचतोय, मोरचुदापर्यंत पोचलो. पण मासा पिशवीत आहे आणि माझ्याकडे क्रेट नाही.

जलजा | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५३

पिशवी उघडली नाही ना? मग उघडू नका. बंद पिशवीत अमोनिया साठतो पण पीएच पडलेला असतो म्हणून तो फारसा बाधत नाही. उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो, त्यामुळे तासन् तास थेंबथेंब नको. आधी ज्यात सोडायचा ते पाणी तयार करा, विक्रेत्याला फोन करून त्याच्या पाण्याची क्षारता विचारा आणि आपली तेवढीच ठेवा. तापमान जुळलं की पिशवी उघडून मासा थेट त्यात, पिशवीतलं पाणी बाहेर. कुठे राहता?

नवाभिडू | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५५

रत्नागिरी, मारुती मंदिर.

भाट्ये_किनारा | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५७

माझा क्रेट धुऊन रिकामा पडलाय, मिसळलेलं ८० लिटर पाणीही आहे. पिशवी टॉवेलात गुंडाळून रिक्षाने ये, पत्ता खाजगीत टाकतो. एल्बो दोन आहेत.